छोट्या कंपनीला दुसरीकडे ठेवलेला बॅकअप नेमसर्व्हर खरंच लागतो का?

भोसरीकर (धागाकर्ता)

मंडळी, मी आयटीवाला नाही. भोसरी एमआयडीसीत चाळीसेक माणसांचं युनिट आहे, तिथं खरेदी खातं बघतो. 'तुला कॉम्प्युटरचं कळतं ना' असं म्हणून डोमेन, ईमेल, वायफाय असली सगळी पिलावळ माझ्याच गळ्यात बांधली आहे.

झालं असं. मागच्या शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास आमच्या होस्टिंगवाल्याचा सर्व्हर झोपला. वेबसाइट बंद. साहेब म्हणाले, असू दे, वेबसाइट बघून कोण जॉबवर्क देतंय. पण संध्याकाळी सातनंतर ईमेलही येईनात. आमचे ईमेल होस्टिंगवाल्याकडे नाहीतच, ते गूगल वर्कस्पेसवर आहेत. लॉगिन होत होतं, जुने मेल दिसत होते, नवीन मात्र एकही नाही. मध्ये रविवार गेला. सोमवारी सकाळी चाकणहून गिऱ्हाइकाचा फोन: "ड्रॉइंग परवा रात्रीच पाठवलंय, आमची सिस्टीम म्हणतेय अजून पोचलं नाही." अकराला सर्व्हर उठला आणि दोन दिवसांचे मेल धबाधबा येऊन पडले.

होस्टिंगवाला म्हणतो, नेमसर्व्हरही (म्हणजे आमच्या डोमेनचे पत्ते जगाला सांगणारे सर्व्हर) त्याच मशीनवर होते म्हणून असं झालं. या पत्ते सांगायच्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात म्हणे; आता 'डीएनएस बॅकअप' या नावाखाली तो वर्षाला साडेचार हजार मागतोय. साहेबांचा प्रश्न: दुकानालाच कुलूप असेल तर बाहेरची पाटी उजळून काय फायदा? मला उत्तर देता आलं नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

वायरमन

तुमच्या डोमेनचे नेमसर्व्हर कोणते आहेत ते बघा. 'डिग' कमांड येत नसेल तर कुठल्याही ऑनलाइन साधनात डोमेन टाकून एनएस रेकॉर्ड विचारा. नावं इथं टाकू नका, फक्त दोघांच्या आयपीतला (आकडी पत्त्यातला) फरक सांगा.

भोसरीकर

एनएस१ आणि एनएस२ अशी दोन नावं आहेत. आयपीत फक्त शेवटचा आकडा वेगळा. एकाचा ४१, दुसऱ्याचा ४२.

वायरमन

वाटलंच होतं. नियमाप्रमाणे दोन नेमसर्व्हर लागतात, म्हणून एकाच मशीनला दोन आयपी चिकटवून दोन नावं दिली आहेत. एकाच माणसाने टोपी बदलून दोनदा हजेरी लावल्यासारखं. आपल्याकडच्या स्वस्त होस्टिंगमध्ये हा प्रकार सर्रास चालतो.

सातचं कोडंही सोपं आहे. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये रेकॉर्डचा टीटीएल (उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं तो आकडा) बहुतेक वेळा १४४०० सेकंद असतो, म्हणजे ४ तास. तुमचा मेल कुठे टाकायचा हे ज्यांनी आधी विचारून ठेवलं होतं त्यांच्या लक्षात ते तेवढा वेळ राहिलं. दुपारी तीनला सर्व्हर गेला, सातपर्यंत सगळ्यांची आठवण पुसली. मग जो विचारायला आला त्याला उत्तर द्यायला कोणीच नाही.

खडूस म्हातारा

साहेबांना सांगा, ती पाटी दुकानावरची नाही, गल्लीच्या तोंडावरची आहे. दुकान इकडे, गोडाऊन तिकडे, पोस्टाची पेटी पलीकडे, हे सगळं त्या एकाच पाटीवर लिहिलेलं असतं. दुकानाला कुलूप होतं हे खरं, पण पोस्टाची पेटी (म्हणजे तुमचं वर्कस्पेस) उघडी होती. पाटीच पडली म्हणून पोस्टमन परत गेला.

आणि साहेबांची शंका काही नवी नाही. इंटरनेटच्या नियमावलीत आरएफसी २१८२ नावाचा दस्तऐवज आहे, जुलै १९९७ चा. दुय्यम नेमसर्व्हर (मूळ सर्व्हरकडून यादी घेऊन तीच उत्तरं देणारे) कुठे ठेवावेत एवढाच त्याचा विषय. त्यात एक अख्खा उपविभाग याच गैरसमजावर खर्च केला आहे: 'यंत्रंच पोचण्यासारखी नसतील तर नेमसर्व्हर पोचून काय उपयोग'. त्यांचं म्हणणं, हा युक्तिवाद फसवा आहे. 'पत्ता माहीत आहे पण दार बंद आहे' आणि 'पत्ताच कळत नाही' या दोन गोष्टींवर समोरची यंत्रं सारखी वागत नाहीत. दार बंद असेल तर मेल सर्व्हर मुकाट्याने रांगेत उभा राहतो. पत्ताच लागला नाही की तो काय करेल हे त्याच्या सॉफ्टवेअरवर. सर्वसाधारण संस्थेला तीन नेमसर्व्हर पुरेत, पण त्यातला निदान एक बाकीच्यांपासून लांब हवा, असंही त्यात आहे. लांब म्हणजे दुसऱ्या नेटवर्कवर, दुसऱ्या जागी. एकाच रॅकमधल्या वरच्या आणि खालच्या कप्प्यात नव्हे.

बाणेरचा बाबू

मी उलट बाजूने बोलतो, शिव्या द्या हवं तर.

चाळीस माणसांच्या कंपनीला बॅकअप नेमसर्व्हर नकोय. तिला नेमसर्व्हर स्वतःच्या किंवा होस्टिंगवाल्याच्या डबड्यावर ठेवणं बंद करायला हवंय. डोमेनचा झोन (सगळ्या रेकॉर्डची यादी) उचला आणि एखाद्या मोठ्या डीएनएस सेवेकडे द्या. अॅमेझॉनची रूट ५३ महिन्याला अर्धा डॉलर घेते, वर चौकशांचे किरकोळ पैसे. चार नेमसर्व्हर देते, आणि त्यांची नावंही .कॉम, .नेट, .ऑर्ग, .को.यूके अशा चार वेगवेगळ्या शेपटांखाली. जगभर पसरलेली यंत्रं, जवळचं असेल ते उत्तर देतं. एवढं झाल्यावर अजून एक बॅकअप म्हणजे छत्रीवर छत्री.

दोन ठिकाणी डीएनएस ठेवलं की दोन ठिकाणच्या चुका सांभाळाव्या लागतात. इकडे रेकॉर्ड बदललं, तिकडे विसरलं. अर्ध्या जगाला नवा पत्ता, अर्ध्याला जुना. 'माझ्याकडे चालतंय, त्यांच्याकडे नाही' ही तक्रार शोधताना डोक्यावरचे केस जातात, माझे गेलेत.

साडेचार हजार मात्र अजिबात देऊ नका. तो तुम्हाला त्याच मशीनवर एनएस३ काढून देईल.

पेठेतला पोट्या

शेवटच्या वाक्याला दंडवत. पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

एडिसनचे आबा

बाबूराव, मोठ्याकडे दिलं की प्रश्न मिटला हे आम्ही इकडे न्यू जर्सीत बसून पंचवीस वर्षं ऐकतोय.

जानेवारी २००१. मायक्रोसॉफ्ट. तेव्हा याहून मोठं कोण होतं? सगळे नेमसर्व्हर एकाच नेटवर्कमागे ठेवलेले. एका तंत्रज्ञाने राउटरच्या सेटिंगमध्ये बदल केला आणि त्यांच्या साइट जवळजवळ दिवसभर कोणाला सापडेनात. साइट चालू होत्या बरं का, फक्त सापडत नव्हत्या. त्यानंतर त्यांनी अकामाई नावाच्या बाहेरच्या कंपनीकडे बॅकअप नेमसर्व्हर ठेवले.

२१ ऑक्टोबर २०१६. डिन नावाची कंपनी, धंदाच डीएनएसचा. घराघरातले कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेऊन मिराई नावाच्या जाळ्याने हल्ला चढवला. ट्विटर, गिटहब, स्पॉटिफाय, रेडिट सगळे तासन् तास आडवे. ज्यांनी दोन कंपन्यांकडे नेमसर्व्हर वाटून ठेवले होते ते बरेच सावरले.

कोकणकडा

आणि २२ जुलै २०२१. या वेळी त्याच अकामाईच्या डीएनएसमध्ये एका अपडेटने दडलेला दोष जागा झाला. झोमॅटो, पेटीएमपासून जगभरच्या बँकांपर्यंत सगळं तासाभराच्या आसपास बंद. भारतात रात्रीचे नऊ वाजून गेले होते. मला तेव्हा यातलं काहीच कळलं नाही, त्याच दिवशी आमचं चिपळूण पाण्यात होतं आणि टॉवरही बंद. नंतर कधीतरी तारीख वाचली तेव्हा दचकलो.

अवांतराबद्दल क्षमस्व.

बाणेरचा बाबू

आबा, मान्य. पण हिशोब करा. अकामाईच्या त्या दिवशी तासभर गेला. भोसरीकरांचा होस्टिंगवाला शनिवार दुपार ते सोमवार सकाळ गेला. बहुतेक छोट्या कंपन्यांची पायरी ही आहे. आधी ही चढा, मग पुढची बघू.

शिवाय तुमचा दुसरा नेमसर्व्हर चुकीचं उत्तरही तितक्याच इमानदारीने देतो. गेल्या दिवाळीत, २० ऑक्टोबर २०२५, नरक चतुर्दशीच्या दुपारी अॅमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातलं डायनॅमोडीबी (डेटा साठवायची सेवा) बसलं आणि अर्धं इंटरनेट घेऊन बसलं. नेमसर्व्हर व्यवस्थित उभे होते. रेकॉर्ड भरणाऱ्या त्यांच्याच दोन यंत्रणांच्या शर्यतीत पत्ता पुसला गेला आणि रिकामं उत्तर जाऊ लागलं. तिथं दहा बॅकअप असते तरी दहांनीही रिकामंच सांगितलं असतं.

खडूस म्हातारा

हा मुद्दा बरोबर आहे. टायर पंक्चर झाला तर स्टेपनी कामाला येते, रस्ता चुकलात तर नाही.

आणि कोणी फेसबुक काढायच्या आत सांगतो: ४ ऑक्टोबर २०२१ चा प्रकार निराळा. त्यांचे नेमसर्व्हर जगभर विखुरलेले होते, पण मुख्य डेटासेंटरशी संपर्क तुटल्यावर त्यांनी ठरल्याप्रमाणे स्वतःचेच मार्ग मागे घेतले. बाहेर नेमसर्व्हर असता तरी फेसबुक चाललं नसतं, डेटासेंटरच गायब होतं. पण 'पत्ताच कळत नाही' झाल्यावर जगातले सगळे फोन वेड्यासारखे विचारत सुटले. क्लाउडफ्लेअर या डीएनएस चालवणाऱ्या कंपनीने तेव्हा लिहिलं होतं की जगभरच्या रिझॉल्व्हरवर (आपल्या वतीने नेमसर्व्हरला पत्ता विचारणाऱ्या सर्व्हरवर) नेहमीच्या ३० पट चौकशा आदळल्या. पाटी पडली की गर्दी इतरांच्या दारात होते.

ओवी

मी ठाण्यात छोट्या कंपन्यांचे सर्व्हर सांभाळते. एक अनुभव सांगते, कारण बॅकअप ठेवला म्हणजे सुटलो असं कोणाला वाटू नये.

एका लॅबचा स्वतःचा सर्व्हर होता, नेमसर्व्हर त्याच्यावरच. दुसरा नेमसर्व्हर बाहेर एका फुकट सेवेवर, म्हणजे पुस्तकात लिहिल्याप्रमाणे सगळं. एक दिवस त्या सर्व्हरवरचं बाइंड (नेमसर्व्हरचं सॉफ्टवेअर) बंद पडलं. कोणाला कळलंच नाही, कारण बाहेरचा उत्तरं देतच होता. लॅब चालू, मेल चालू, रिपोर्ट चालू. चौदाव्या दिवशी भल्या पहाटे सगळं एकदम गप्प. मला फोन आला तेव्हा मी लोकलमध्ये उभी, एका हाताने वरची कडी आणि दुसऱ्या हातात मोबाइलवर टर्मिनल.

झोनच्या डोक्यावर एसओए नावाची ओळ असते, तिच्यात 'एक्स्पायर'चा आकडा असतो. तिथं होतं १२०९६००. सेकंदांचे दिवस केले की बरोबर १४. दुय्यम सर्व्हरला इतके दिवस मूळ सर्व्हर भेटला नाही तर त्याने हातातली यादी शिळी समजून उत्तरं द्यायचं थांबवायचं असतं. त्याने अगदी नियमाप्रमाणे तेच केलं. तेव्हापासून मी दोन्हीकडचा सिरीयल नंबर (यादी बदलली की वाढणारा आकडा) रोज सकाळी एका स्क्रिप्टने ताडून बघते. जुळला नाही की चहाच्या आधी कळतं.

वायरमन

ओवीताई, +१. आमच्याकडे २०२० च्या १२ ऑक्टोबरला मुंबईची वीज गेली तेव्हा उलटं झालं होतं. ऑफिसातला सर्व्हर बॅटरी संपल्यावर गेला, पण पुण्याच्या मित्राच्या सर्व्हरवर आमचा दुय्यम होता. मेल दुसऱ्या कंपनीकडे होते, ते एक मिनिटही अडले नाहीत. त्याचा दुय्यम माझ्याकडे, माझा त्याच्याकडे. पूर्वी बरेच जण असंच करायचे, पैशाचा संबंध नाही.

कोकणकडा

आमच्याकडे लावणीला याला सावड म्हणतात.

वायरमन

अगदी. फक्त सावडीतला गडी गाव सोडून गेला तर कळवतो, मित्राचा सर्व्हर नाही कळवत.

भोसरीकर

सगळ्यांचे आभार. निम्मं कळलं, निम्मं डोक्यावरून गेलं. नेमकं विचारतो. होस्टिंग तर लगेच बदलता येणार नाही, वर्षाचे पैसे भरलेत. मी झोन सगळा बाहेर हलवू की नुसता एक बाहेरचा नेमसर्व्हर जोडू? आणि दोन दिवस मेल थांबले होते, त्यातले काही कायमचे हरवले असतील का?

खडूस म्हातारा

मेलचं आधी. पाठवणारा सर्व्हर साधारण ४-५ दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, म्हणून तुमचे बहुतेक आले असतील. पण टेंडर पोर्टलचा ओटीपी असेल तर तो आला तरी मेलेलाच. आणि एक बाजू कोणी बोललं नाही: तुम्ही पाठवलेल्या मेलचं काय? समोरचा सर्व्हर तुमच्या डोमेनचा एसपीएफ तपासतो, डीकेआयएम तपासतो, म्हणजे मेल खरंच तुमचाच आहे का ते ताडतो. तेही याच नेमसर्व्हरवरून. उत्तर न मिळाल्यावर कोणी थांबवून ठेवतो, कोणी स्पॅममध्ये ढकलतो. त्या दोन दिवसांत कोटेशन गेली असतील तर एकेकाला फोन करून विचारा.

ओवी

हलवायचं की जोडायचं, दोन्हीला किंमत आहे.

सगळा झोन बाहेर नेलात तर सुटसुटीत. पण उद्या होस्टिंगवाल्याने तुम्हाला न सांगता सर्व्हरचा आयपी बदलला (आणि ते बदलतात) तर साइट पडेल आणि तो म्हणेल 'आमच्या बाजूने ओके आहे सर'. तुमच्यासारख्याला रोज कोण बघत बसणार?

नुसता जोडायचा असेल तर होस्टिंगवाल्याने झोन ट्रान्सफर (यादीची नक्कल घेऊ देणं) उघडून द्यायला हवं. हरिकेन इलेक्ट्रिकची डीएनएस सेवा फुकट आहे, दुय्यम म्हणूनही चालते. ती तुमच्या होस्टिंगवाल्याकडून यादी ओढून घेते, त्याने रेकॉर्ड बदललं की आपोआप इकडे येतं. बाबू म्हणाले ती रूट ५३ या कामाला चालत नाही, ती अशी ट्रान्सफर घेत नाही. क्लाउडफ्लेअर घेतं, पण मोठ्या प्लॅनमध्ये.

तुमच्या जागी मी असते तर आधी जोडलं असतं. वर्ष संपलं की हलवलं असतं.

बाणेरचा बाबू

मी आत्ताच हलवलं असतं. पण ओवीताईंचा आयपीचा मुद्दा खरा आहे, त्याने मीही एकदा मार खाल्लाय. डीएनएसएसईसी (डीएनएसच्या उत्तरांवर सही करायची सोय) चालू आहे का तेवढं बघा. असेल तर घाईत हात लावू नका. सप्टेंबर २०२१ च्या शेवटी स्लॅक या ऑफिसच्या चॅटसेवेने ते चालू करताना गडबड झाली म्हणून मागे घेतलं, तरी वरच्या .कॉमच्या यादीतली खूण लोकांच्या लक्षात २४ तास राहिली आणि तेवढा वेळ कित्येकांना स्लॅक उघडेना.

भोसरीकर

ते चालू नाही म्हणे. जोडतो. होस्टिंगवाल्याला फोन केला. तिकडचा पोरगा म्हणाला, "सर, ट्रान्सफर म्हणजे तुम्हाला डोमेन दुसरीकडे न्यायचंय का? का नाराज झालात?" उद्या वरिष्ठांशी बोलणं आहे.

पेठेतला पोट्या

साडेचार हजारांवरून दोन हजारांवर आला की कळवा.

भोसरीकर (चार दिवसांनी)

अपडेट. वरिष्ठ सज्जन निघाले. ट्रान्सफर उघडून दिली, पैसे नाही घेतले. पण बाहेरच्या पॅनेलवर नुसतं 'प्रतीक्षेत'. दोन दिवस तेच. ओवीताईंनी खाजगी निरोप करून सांगितलं की साधी चौकशी यूडीपी नावाच्या पद्धतीने जाते पण ट्रान्सफरला टीसीपी या दुसऱ्या पद्धतीचा ५३ नंबर लागतो, तो फायरवॉलमध्ये बंद असेल. तसंच होतं. उघडल्यावर पाच मिनिटांत यादी आली.

मग मी खुशीत झोपलो. सकाळी बघतो तर जगाच्या दृष्टीने नेमसर्व्हर जुने दोनच. रजिस्ट्रारकडे (ज्याच्याकडून डोमेन घेतलं त्याच्याकडे) नवीन नाव टाकायचं असतं हेच राहिलं होतं! म्हणजे कामाला माणूस ठेवला आणि हजेरीपुस्तकात नाव नाही. झोनच्या आतही एनएसची ओळ वाढवायला लावली. पहिल्यांदा सिरीयलचे शेवटचे आकडे इकडे ०७, तिकडे ०४ दिसत होते, आता दोन्हीकडे ०८.

काल रात्री साडेअकराला होस्टिंगवाल्याला सांगून नेमसर्व्हर वीस मिनिटं बंद करायला लावला. रिझॉल्व्हरच्या जुन्या आठवणीवर भरवसा नको म्हणून आधी कधीच न विचारलेलं एक नवीन नाव झोनमध्ये घालून ठेवलं होतं, खडूसकाकांची युक्ती. ते नाव विचारलं. एक सेकंद काहीच नाही, मग उत्तर आलं. बायकोला उठवून दाखवणार होतो, पण विचार बदलला.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, बिल आण. म्हटलं, फुकट आहे. तर आता अकाउंट्सवाले म्हणतात बिल नसेल तर व्हेंडर यादीत नाव कसं घालायचं.

खडूस म्हातारा

उत्तम. आता शेवटचं. एकाच कारणाने तुमचे सगळे नेमसर्व्हर एकाच वेळी जाऊ शकतात, कितीही लांब ठेवा: डोमेनचं नूतनीकरण राहणं. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टचं पासपोर्ट.कॉमचं ३५ डॉलर भरायचं राहिलं आणि हॉटमेलचं लॉगिन अडलं. अमेरिकेतल्या एका लिनक्सवाल्याने स्वतःच्या कार्डावरून पैसे भरून टाकले. तुमचे कोण भरणार?

तेव्हा रजिस्ट्रारच्या खात्यात जा आणि दोन गोष्टी बघा. संपर्काचा ईमेल कुठला आहे, आणि ओटीपी कोणत्या मोबाइलवर जातो.

भोसरीकर

ईमेल आमच्याच डोमेनचा आहे. म्हणजे डोमेन बंद पडलं तर ते बंद पडल्याची सूचना बंद पडलेल्या पत्त्यावर जाणार. बदलतो.

मोबाइल नंबर बघून येतो, शेवटचे चार आकडेच दिसतायत.

ओवी

मग परवा नाव टाकलंत तेव्हा आत कसे गेलात?

भोसरीकर

ऑफिसच्या जुन्या पीसीवर लॉगिन उघडंच असतं, त्यावरून. मोबाइल आमच्या आधीच्या पोराचा निघाला. तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून बेंगळुरूला गेला, साहेबांशी भांडून. नंबर लावतोय, रिंग जातेय. तोवर त्या पीसीवर 'बंद करू नये' असा कागद चिकटवून आलोय.